नऊ नंबरचा पंच

घराबाहेर पडताना मी दाराला कुलूप लावतो आणि ते तीनदा ओढून पाहतो. बायको जिन्यात उभी राहून दर वेळी विचारते, "पहिल्यांदा ओढून उघडलं नाही, ते तिसऱ्यांदा कसं उघडेल?" तिचं म्हणणं बरोबर आहे. मी आकड्यांचा माणूस असल्यामुळे मला ते पटतंही. तरी हात थांबत नाही. ही खोड मला अंबरनाथच्या कारखान्यात लागली, जनार्दन भोईर यांच्यामुळे. त्यांना सगळे नाना म्हणत.

आमच्या कारखान्यात मोटारीच्या सीटबेल्टची बकलं तयार होत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे लागलो तेव्हा आपल्याकडच्या मोटारींत बेल्ट क्वचितच दिसे आणि आमचा बराचसा माल बाहेर जाई. पुढे नव्या गाड्या रस्त्यावर आल्या, तसे बेल्टही आले. मी ड्रॉइंग ऑफिसात रेकॉर्ड क्लार्क होतो. कुठलं ड्रॉइंग कधी आलं, कुठलं रद्द झालं, कामगारांकडून एखाद्या ड्रॉइंगबद्दल काय विचारणा आली आणि तिला काय उत्तर गेलं, हे सगळं माझ्या रजिस्टरात असे. नाना शेवटच्या टेबलावरचे इन्स्पेक्टर. त्यांनी पास केल्याशिवाय एकही बकल खोक्यात जात नसे.

पास करायचं म्हणजे पंच मारायचा. करंगळीएवढी पोलादी कांडी, तिच्या टोकावर उलटा कोरलेला आकडा. बकलाच्या मागच्या पत्र्यावर ती टेकवायची आणि वरून हातोडीचा एक ठोका. प्रत्येक इन्स्पेक्टरचा आकडा वेगळा. नानांचा नऊ. तो पंच ते शर्टाच्या खिशात ठेवत आणि दोरीने बटणाला बांधत. जेवताना, चहा पिताना, युनियनच्या सभेत, सगळीकडे ती दोरी त्यांच्या छातीवर दिसे. कुणी चिडवलं की म्हणत, "अरे, हे माझं नाव हाय. नाव कुणी टेबलावर टाकून जातो काय?"

नाना मोरिवलीचे. कारखान्याच्या कुंपणाला लागूनच गाव, आणि कारखान्याची अर्धी जागा पूर्वी गावाचीच. जिथे त्यांचं टेबल होतं तिथे भोईरांचं खळं होतं, असं ते सांगत. "इथे बापाने भात झोडला, मी बकलं झोडतो," असं म्हणून स्वतःच हसत. बुटके, काळेसावळे, कानावर पेन्सिल आणि कपाळावर चढवलेला चष्मा. चष्मा डोळ्यांवर आला की समजायचं, कुणाचा तरी लॉट परत जाणार.

बकल हातात घेतलं की ते बेल्टच्या टोकाची धातूची पट्टी त्यात घालत. कट्ट आवाज आला की तीन हिसके देत. पहिला सरळ, दुसरा तिरका, तिसरा अचानक, दुसरीकडे बघत असताना. मी एकदा विचारलं, "नाना, तीनच का?"

"पहिल्याला बकल सावध असतं," ते म्हणाले, "दुसऱ्याला मी सावध असतो. तिसऱ्याला दोघं पण बेसावध. अपघात तसाच होतो, सावंत."

हे त्यांचं तीनदा ओढणं कारखान्यापुरतं नव्हतं. डब्याची कडी, सायकलचं स्टँड, कँटीनच्या बाकाचा पाय, सगळ्यांना तीन हिसके. माझ्या मुलीच्या बारशाला ते हेंद्रेपाड्याला आमच्या घरी आले तेव्हाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या, गाणं सुरू व्हायचं होतं. नाना घुगऱ्यांचा द्रोण माझ्या हातात देऊन सरळ आत गेले आणि पाळण्याची साखळी धरून त्यांनी तीनदा ओढली.

माझी आत्या फणकारली. "अहो, बारशाला आलात की इन्स्पेक्शनला?"

"दोन्हीला आलो, आत्याबाई," नाना म्हणाले. मग त्यांनी रिकामा पाळणा खालून दोन बोटांनी नुसता वर उचलला. वरचा एस आकाराचा हुक कडीतून निघून त्यांच्या हातात आला. गाणं म्हणायला उघडलेली तोंडं तशीच राहिली.

"हुक मोडका नाय," ते मला म्हणाले, "हुक एक नंबर. मणभर वजन घेईल. पण पोराने आतून लाथा मारून पाळणा उडवला, की हा निघेल. ज्याने बनवला त्याने फक्त खाली ओढून बघितलं. वर ढकलून नाय बघितलं."

तेवढ्यापुरती त्यांनी सुतळीने कडी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी टूलरूममधून बंद तोंडाचा हुक करून आणला, त्याचा गेटपासही आणला. तो हुक अजून आमच्या छताला आहे. मुलगी आता कॉलेजात जाते.

महिनाअखेरीला नाना आणि आमचे मॅनेजर दिवाणसाहेब यांची ठरलेली जुंपायची. दिवाणसाहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला खोकी मोजायची असत आणि नानांना बकलं. एकदा पाचशेचा लॉट नानांनी अडवला, कारण त्यातल्या चार बकलांची स्प्रिंग मऊ लागली.

"नाना, चारच खराब आहेत ना? चार काढा, बाकीची सोडा."

"साहेब, चार मना दिसली. दिसली नाय ती किती, ते सांगा, मी सोडतो."

"तुमच्याएवढा हट्टी माणूस पाहिला नाही मी."

"माझी बायको पण असंच बोलते. पण तिने पाहिलाय, तिचा बाप."

लॉट परत गेला. नव्वद मिनिटं लाइन बंद राहिली. दिवाणसाहेबांनी माझ्या टेबलाशी येऊन पाणी मागितलं आणि म्हणाले, "हा माणूस मला मारणार. पण एक सांगतो सावंत, सत्तावीस वर्षांत नऊ नंबरचा माल गिऱ्हाइकाकडून परत आलेला नाही." सांगताना त्यांच्या आवाजात राग होता आणि अभिमानही होता. नानांना हे कळलं तेव्हा त्यांनी फक्त खिशातली दोरी चाचपली.

हे सगळं सांगितलं, कारण पुढे जे घडलं ते या सत्तावीस वर्षांवरच आलं.

नव्वदीच्या दशकात एका दुपारी दिवाणसाहेबांनी मला एक ड्रॉइंग काढायला सांगितलं. नव्या गाडीच्या बकलाचं होतं. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या वासूमल नावाच्या कापडवाल्याने ग्राहक मंचात तक्रार केली होती. गाडी बनवणारी कंपनी आणि बकल बनवणारे आम्ही, दोघांविरुद्ध. बदलापूरच्या रस्त्यावर पुढचा टेम्पो एकदम थांबला, वासूमलने ब्रेक दाबला, तरी गाडी आदळली. तो म्हणत होता, मी बेल्ट लावला होता, पण तो सुटला. त्याचं डोकं काचेवर गेलं आणि उजवा डोळा गेला. गाडीवाल्या कंपनीचं म्हणणं, याने बेल्ट लावलाच नव्हता. आमचं म्हणणं, बकल निर्दोष आहे.

तक्रारीसोबत बकलाचा फोटो होता. मागच्या पत्र्यावर आकडा स्पष्ट दिसत होता. नऊ.

दिवाणसाहेबांचा चेहरा खुलला. "केस संपली. नानांचा पंच आहे. वकिलांना सांगतो, नानांचं प्रतिज्ञापत्र करा."

प्रतिज्ञापत्र टाइप होऊन आलं. त्यात लिहिलं होतं की, सदर बकल मी स्वतः तपासले असून ते सर्वथा निर्दोष आहे. नानांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"बकल कुठाय?" त्यांनी विचारलं.

"त्याच्या वकिलाकडे. फोटो आहे ना."

"फोटोला गेज कसा लावू, साहेब?"

त्यांनी सही केली नाही. माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "सावंत, हे ते बटणवालं ना?"

मी मान डोलावली. आम्ही दोघंही एकाच चिठ्ठीबद्दल बोलत होतो. हे बकल पहिल्यांदा आलं तेव्हा नानांनी ड्रॉइंग ऑफिसला एक चिठ्ठी पाठवली होती. माझ्या रजिस्टरात तिची नोंद होती: "लाल बटण कडेच्या वर दीड मिलिमीटर येते. असेच हवे का?" उत्तर गेलं होतं: "ड्रॉइंगप्रमाणे आहे. चालू ठेवावे." उत्तरही मीच नोंदवलं होतं. त्यानंतर नानांनी त्या बकलांवर पंच मारले. किती हजार, ते मला मोजता येईल, पण इथे लिहीत नाही.

सुट्टीच्या दिवशी नाना मला घेऊन उल्हासनगरला गेले. पिशवीत त्याच बनावटीचं, फक्त रंग उडाल्याने रिजेक्ट झालेलं एक बकल आणि त्याचा गेटपास. वासूमलचं दुकान परकरांच्या कापडाचं, बाजाराच्या मधोमध. गादीवर बसलेला जाडजूड माणूस, उजव्या डोळ्यावर काळी काच. आम्ही कुठून आलो हे कळताच तो भडकला.

"कंपनी के आदमी हो? जाओ भाई, जाओ. पूरा बाजार बोलता है वासू झूठा है. अब कंपनीवाले दुकान में भी आ गये झूठा बोलने?"

"सेठ, मी बोलायला नाय आलो. बघायला आलो," नाना म्हणाले.

शेजारचा दुकानदार पायरीवर येऊन उभा होता. तो हसून आम्हाला सांगू लागला, "ये साहब सिंगापूर में भाई के पास जा के आये, तब से बेल्ट लगाते थे. हम बोलते थे, वासू सेठ, हवाई जहाज उडा रहे हो क्या? और अब बोलते हैं, बेल्ट खुल गया."

"तू चुप बैठ, परसू!" वासूमल ओरडला. मग नानांकडे वळून म्हणाला, "सुना? उल्हासनगर में एक मैं ही बेल्ट लगाता था, साईं. एक मैं. और कंपनी लिखती है, नहीं लगाया था. डोळा गेला, ठीक है. पण मी खोटा नाही."

त्याने वकिलाकडून ते बकल आणवलं. वकिलाचं ऑफिस माडीवरच होतं. कारकून बकल घेऊन आला तो आमच्यावर नजर ठेवून उभाच राहिला. नाना गादीच्या कडेला बसले. बेल्टची धातूची पट्टी त्यांनी उजेडात धरली, चष्मा उतरवला, परत लावला. पट्टीच्या चौकोनी भोकाच्या कडेला दोन चकचकीत ओरखडे होते. त्यांनी नखाने ते चाचपले आणि मला दाखवले.

"सेठ," ते म्हणाले, "तुमचा बेल्ट लागलेला होता. पट्टी आत असताना जोराने ओढली जाते तेव्हाच असे ओरखडे येतात. नुसतं लावून काढून येत नाय."

वासूमलने काही क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग तो गादीवरून उठला आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडला, "परसू! इधर आ! ये कंपनी का आदमी क्या बोलता है सुन!" परसू आला. नानांना तेच वाक्य पुन्हा बोलावं लागलं. मग समोरचा बटणांचा दुकानदार आला, त्याच्यासाठी तिसऱ्यांदा. वासूमल दर वेळी शेजारी उभा राहून मान हलवत होता आणि चांगल्या डोळ्यातलं पाणी पुसत होता.

"आता हे सांगा," नाना म्हणाले, "दोन सीटच्या मध्ये तुम्ही काय ठेवता?"

"मध्ये? मध्ये सॅम्पलची पेटी."

"आणा."

पत्र्याची पेटी आली, कापडाच्या तुकड्यांनी भरलेली. नानांनी आपल्या पिशवीतलं बकल काढलं, पट्टी लावली, तीन हिसके दिले. सुटलं नाही. मग बकल उभं धरून पेटी मागून पुढे सरकवली, ब्रेक लागल्यावर सरकेल तशी. पेटीची कड बकलाच्या डोक्यावर चढली, बटण दबलं आणि पट्टी गादीवर पडली.

नानांनी ते पुन्हा केलं. पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदाही सुटलं.

परतताना विम्को नाका आला तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या पोरीच्या पाळण्याचा हुक मी बघितला, सावंत. हे नाय बघितलं."

"तुम्ही चिठ्ठी दिली होती."

"एक दिली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवाणसाहेबांना सांगितलं, बकल ड्रॉइंगप्रमाणे आहे एवढं लिहा, त्यावर सही करतो. निर्दोष लिहिलेल्यावर करणार नाही. दिवाणसाहेब प्रथम समजावून सांगत होते. मग दार लावून घेतलं, तरी मला पलीकडून ऐकू येत होतं.

"नाना, चौदा महिने राहिलेत तुमचे. कशाला? माल ड्रॉइंगप्रमाणे आहे ना? मग संपलं."

"माल ड्रॉइंगप्रमाणे हाय. ड्रॉइंग चुकलंय."

"ते ठरवणारे तुम्ही कोण?"

"त्याच्यावर नऊ मारणारा."

"मग ऐका. तुम्ही तिथे जाऊन असं काही बोललात, तर तो नऊ तुमच्या हातात राहणार नाही. पॅकिंगला जाल. आणि सगळ्या कारखान्याला कळेल की, नऊ नंबरने खराब माल पास केला. हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगणार आहात, समजतंय का? सत्तावीस वर्षं जाळून टाकाल."

मग नाना एवढंच म्हणाले, "समजतंय."

पुढचे आठ दिवस ते नेहमीसारखेच काम करत होते. फक्त ते बकल टेबलावर आलं की हातोडी खाली ठेवत आणि बकल बाजूच्या, अडवलेल्या मालाच्या लाल ट्रेमध्ये टाकत. ट्रे भरत गेले. मी मोजले, एकतीस ट्रे.

ठाण्याला मंचात सुनावणी होती. रजिस्टर मागवल्यामुळे मलाही जावं लागलं. साधीशी खोली, टेबलामागे तिघे. मध्ये अध्यक्ष, एका बाजूला एक गृहस्थ सदस्य आणि दुसऱ्या बाजूला एक बाई, सुती साडी, टेबलावर मोठी चामड्याची पर्स. आमच्या वकिलाला अजून आशा होती. त्याने नानांना नेमका प्रश्न विचारला.

"हे बकल कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही? हो किंवा नाही."

"हो."

"त्यावरचा पंच तुमचा?"

"माझा."

वकील खाली बसायला लागला. अध्यक्षांनी नानांकडे पाहिलं. "आणखी काही सांगायचंय?"

"हाय साहेब," नाना म्हणाले आणि लगेच दुरुस्त केलं, "आहे." त्यांनी अध्यक्षांच्या परवानगीने बकल टेबलावर उभं धरलं, पट्टी लावली. मग त्या बाईंना म्हणाले, "बाई, तुमची पर्स जरा याच्यावर टेकवाल काय? दाबू नका. नुसती टेकवा, गाडीत बाजूला ठेवता तशी."

बाईंनी पर्स उचलून टेकवली. पट्टी सुटून फायलीवर पडली. त्या दचकल्या, मग स्वतःच पट्टी लावली आणि पुन्हा पर्स टेकवली. पुन्हा सुटली.

आमचा वकील उठला. "माझा आक्षेप आहे. बकलाजवळ सामान ठेवू नये, अशी सूचना गाडीच्या पुस्तिकेत दिलेली आहे."

"वकीलसाहेब," नाना म्हणाले, "गाडी माणसं चालवतात. माणसाजवळ सामान असतं. हे बटण बोटाने दाबायचं आहे. मग ते कडेच्या आत पाहिजे. बोट आत जातं, पेटी आत जात नाही. एवढंच आहे हे."

अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला हे आधी लक्षात आलं होतं?"

सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. आमचा वकीलही. इथे ते "नाही" म्हणाले असते तर नऊ नंबर बराचसा वाचला असता. ड्रॉइंग दुसऱ्याचं, पंच ड्रॉइंगप्रमाणे. माझ्या मांडीवर रजिस्टर होतं, पण ते अजून कुणी उघडलं नव्हतं.

"आलं होतं," नाना म्हणाले. "मी चिठ्ठी दिली होती. सावंतांच्या रजिस्टरात आहे. चालू ठेवा, असं उत्तर आलं आणि मी चालू ठेवलं." त्यांनी खिशातल्या दोरीला हात लावला. "साहेब, मी प्रत्येक बकल तीनदा ओढून बघतो. सत्तावीस वर्षं. पण हे मी एकदाच विचारलं. ती माझी चूक आहे. ती लिहून घ्या."

अध्यक्षांनी खरोखरच लिहून घेतलं. मग मला रजिस्टर उघडायला सांगितलं. मी ती ओळ वाचून दाखवली. माझा त्या प्रकरणातला भाग एवढाच.

निकाल वासूमलच्या बाजूने लागला. बेल्ट लावलेला होता आणि बकलाच्या रचनेतच दोष होता, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. कंपन्या वर अपिलात गेल्या, मग मध्येच तडजोड झाली. वासूमलने निकालाची फोटोकॉपी काढून दुकानात गल्ल्याच्या वर फ्रेममध्ये लावली, झूलेलालच्या तसबिरीशेजारी. परसूला ती दर आठवड्याला वाचायला लागते, असं तो सांगत असे.

नानांचा पंच दिवाणसाहेबांनी सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी काढून घेतला. मी तिथेच होतो. नानांनी गाठ सोडली, दोरी पंचाभोवती गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. "पुसून ठेवा," म्हणाले, "गंज लागतो." मग पॅकिंगला गेले. मला वाटलं होतं, माणूस खचेल. आठ दिवसांत पॅकिंगची पोरं माझ्याकडे तक्रार घेऊन आली, "सावंतसाहेब, नाना प्रत्येक खोक्याची पट्टी तीन-तीनदा ओढतात. ट्रक उभा राहतो." त्या दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. इन्स्पेक्टरांचे पंच झेंडूच्या हारात रांगेने मांडले होते. नानांनी आपली पॅकिंगची कात्री शेवटी ठेवली, तिला हळदकुंकू लावलं आणि प्रसादाचे दोन पेढे जास्त घेतले.

सहा महिन्यांनी माझ्या कपाटात नवीन ड्रॉइंग आलं. बटण कडेच्या खाली तीन मिलिमीटर. "बदलाचे कारण" या रकान्यात एकच शब्द होता: सुधारणा. जुन्या ड्रॉइंगवर "रद्द" चा शिक्का मारताना मी तो जरा जोरातच मारला. जेवणाच्या सुट्टीत नानांना नवीन प्रिंट दाखवली. त्यांनी चष्मा खाली घेतला, आकडा वाचला, भाकरीचा तुकडा मोडला.

"तीन," ते म्हणाले. "दोनने पण भागलं असतं. पण असू दे."

ते चौदा महिने पूर्ण करून निवृत्त झाले. आता नाना नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वासूमलच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी. सेठ स्वतः गाडी चालवत नसे, पण त्याने नवी गाडी घेतली होती आणि ड्रायव्हरसह ती मोरिवलीला पाठवली होती, नानांना आणायला. वाटेत मलाही घ्यायचं ठरलं होतं, म्हणून मी मोरिवलीच्या नाक्यावर उभा होतो. गाडी थांबली. पुढच्या सीटवर नाना, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. मी मागे बसलो. गाडी निघेना.

"नाना, चलो ना, सेठ गुस्सा होंगे," ड्रायव्हर म्हणाला.

"थांब रं."

त्यांनी बेल्ट लावला होता आणि बकलाशी त्यांचा उद्योग चालला होता. आधी कोपराने दाबून पाहिलं. मग आहेराच्या साडीचं खोकं टेकवलं. मग माझ्याकडून छत्री मागून तिची मूठ घासली. पट्टी सुटली नाही. मग बेल्ट काढून बकल उलटं वळवलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मागच्या पत्र्यावर वाकून पाहिलं.

"नऊ," ते म्हणाले.

"हो. नऊ नंबर पुन्हा चालू केला."

"कुणाच्या हातात हाय?"

"वांगणीकडची एक मुलगी आहे. आयटीआय करून आलीय."

"कशी हाय?"

मी खरं ते सांगितलं. "त्रास देते. मागे एक चिठ्ठी आणली ड्रॉइंगबद्दल. चालू ठेवा, असं उत्तर गेलं, तर पंधरा दिवसांनी तीच चिठ्ठी पुन्हा. महिन्याने पुन्हा. तीनदा नोंद करावी लागली मला."

"मग?"

"मग दिवाणसाहेब स्वतः खाली उतरले, तिच्या टेबलाशी."

आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. रिकाम्या खिशावर, जिथे पूर्वी दोरी असे तिथे, त्यांनी हात फिरवला. मग बेल्ट पुन्हा लावला, पहिला हिसका सरळ दिला, दुसरा तिरका, आणि खिडकीतून गावाकडे बघता बघता तिसरा.

"चल आता," ते ड्रायव्हरला म्हणाले.